आमचा संगणक सोमवारी बंद पडत नसे

फॉर्मातला एखादा रकाना रिकामा सोडून पुढे जाणारी माणसं या जगात आहेत आणि ती सुखाने जगतात, असं मी ऐकून आहे. माझ्याच्याने ते होत नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात एकतीस वर्षं काढल्यावर माणसाचं जे व्हायचं ते माझं झालेलं आहे. रकाना दिसला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. 'असल्यास लिहावे' असं छापलेलं असलं तरी मी लिहितोच, आणि नसल्यास 'नाही' असं लिहून खाली सही करतो. पुढे जे रामायण झालं त्याला ही सवय बरीचशी जबाबदार होती, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नव्हतं.

झालं असं की माझ्या बायकोचा पदवीचा एक पेपर राहिला होता. एकच, संख्याशास्त्राचा. सव्वीस वर्षांपूर्वी तो पेपर सकाळी अकराला होता आणि आमची लेक त्याच दिवशी सकाळी नऊला जन्माला आली. आता ही लेक दुसऱ्या गावी नोकरी करते. आपण चुकीच्या दिवशी आलो ही बोच तिला असावी, कारण तिने विद्यापीठाच्या मागे लागून लागून शोधून काढलं की जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेला पेपर घरबसल्या संगणकावर देता येतो. मात्र ही सोय यंदापुरतीच होती. पुढच्या वर्षी जुना अभ्यासक्रम कायमचा बंद होणार होता, आणि त्याबरोबर आधी पास केलेले सगळे पेपरही पाण्यात जाणार होते. लेकीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, बायको आता म्हणेल की कशाला या वयात. ती "देते" एवढंच म्हणाली आणि माळ्यावरून पुस्तकं काढायला शिडी मागायला गेली.

मी भारावून गेलो. भारावून गेलेला मध्यमवर्गीय माणूस हमखास काहीतरी विकत घेतो. लेकीचा जुना लॅपटॉप घरात होता, पण त्याचा पडदा एवढासा, आणि बायकोच्या चष्म्याचा नंबर दर वर्षी बढती घेणारा. मी गुपचूप सत्तावीस इंची मॉनिटर घेऊन आलो. रिक्षातून तो खोका मांडीवर घेऊन येताना मी स्वतःवर फार खूश होतो. घरी आल्यावर कळलं की लॅपटॉपला मॉनिटर जोडायचं जे भोक असतं ते लेकीने कॉलेजात असतानाच मोडून ठेवलेलं आहे.

मी परत दुकानात गेलो. दुकानदाराने काडेपेटीएवढी एक काळी डबी माझ्या हातावर ठेवली. तिला ॲडाप्टर म्हणतात. तिची एक शेपटी पेन ड्राइव्हच्या भोकात घालायची आणि दुसरीत मॉनिटरची वायर. या दोघांची भाषा वेगळी आहे, ही डबी मध्ये बसून भाषांतर करते, असं त्याने समजावलं. हे मला पटलं. आमच्या कचेरीत जनता आणि साहेब यांच्यामध्ये मीही तेच करत आलो आहे.

घरी येऊन जोडणी केली, वेगळा कीबोर्ड आणि माउस लावला आणि लॅपटॉपचं झाकण मिटून टाकलं. मोठ्या पडद्यावर अक्षरं अशी आली की स्वयंपाकघरातून वाचावीत. बायको हरखली. त्याच आनंदात मी परीक्षेचा फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता: 'बाह्य पडदा वापरणार असल्यास त्याचा क्रमांक.' मी मॉनिटर उलटा करून पाठीवरचा बावीस आकडी क्रमांक भिंग लावून उतरवला. डबीसाठी रकाना नव्हता, म्हणून वेगळा कागद जोडून तिचाही क्रमांक कळवला. लेकीला हे मी फोनवर कौतुकाने सांगितलं. मग तिने नियम वाचून दाखवला. कळवलेल्या साहित्यावरच परीक्षा द्यावी लागेल. बदल हवा असल्यास पंधरा कामकाजी दिवस आधी कारणासह अर्ज करावा. तो रकाना कुणीच भरत नाही, असंही तिने सांगितलं. मी म्हटलं, बदल हवाय कुणाला.

आता इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आई एक्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचा धुळीवर दात आहे. आमच्या घरात उघडी वस्तू सापडणार नाही. टीव्हीला खोळ, रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, मिक्सरच्या भांड्यांना वेगळ्या खोळी. रिमोटला खोळ आहे, तिला बटणांपुरती खिडकी आहे. शिवणयंत्रालाही एक खोळ आहे आणि ती त्याच यंत्रावर शिवलेली आहे. मॉनिटर घरात आला त्याच दुपारी आईने टेप लावून त्याचं माप घेतलं. परीक्षा सुनेची, तेव्हा जरा चांगलं कापड वापरायचं म्हणून तिने ठेवणीतलं निळं कापड काढलं. दुसऱ्या दिवसापर्यंत मॉनिटर, लॅपटॉप, माउस, सगळ्यांना अंगभर कपडे झाले. कुणी वापरायला बसलं की मोठ्या खोळी काढायच्या आणि उठताना घालायच्या, हा घरचा नियम. आम्ही सगळे तो पाळतो, आणि पाळतोय हे आमच्या ध्यानातही नसतं.

तिसऱ्या दिवशी संगणक बंद पडला.

बायको सरावाची गणितं सोडवत बसली होती. पडदा एकदम निळा झाला, त्यावर क्षमा मागणारं एक वाक्य आलं, मग सगळं काळं झालं आणि संगणक आपला आपण पुन्हा सुरू झाला. लिहिलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, होतं असं एखाद्या वेळी. संध्याकाळी पुन्हा झालं. दुसऱ्या दिवशी दोनदा झालं. आता दुसरा एखादा माणूस असता तर त्याने आदळआपट केली असती. मी शांतपणे एक नवी वही घेतली, पट्टी मागवली आणि चौदा रकाने आखले. तारीख, वार, वेळ, किती मिनिटांनी बंद पडला, हवामान, घरात कोण कोण उपस्थित होतं, मिक्सर चालू होता का, बंद पडण्यापूर्वी काही आवाज आला का. अकरावा रकाना माझ्या मनःस्थितीचा होता. तक्रारीचं निवारण होवो न होवो, नोंद चोख झाली की अर्धं काम झालं, अशी आमच्या विभागाची श्रद्धा आहे. बायको म्हणाली की मग उरलेलं अर्धं कोण करतं. मी तिला सांगितलं की तो दुसरा विभाग आहे.

बातमी जिन्यावरून वर गेली आणि वरचे काका खाली आले. वरच्या काकांनी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत काम केलं आहे, त्यामुळे काय काय बिघडू शकतं याचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि हा विजेचा दोष आहे असं जाहीर केलं. संगणकाचं बटण आहे त्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर घ्या म्हणाले. घेतलं. त्यासाठी कपाट सरकवलं. कपाट सरकवल्यावर दार अर्धंच उघडायला लागलं, म्हणून आईचा पलंग हलवला. पलंग हलवल्यावर पंख्याचा वारा आईला लागेना, म्हणून एक टेबलपंखा आणला, आणि आईने त्याचं माप घेतलं. एवढं होऊन संगणक तेविसाव्या मिनिटाला बंद पडला. काका म्हणाले, "आता निदान भिंतीवर संशय नाही."

समोरच्या फ्लॅटमधली शिक्षिका म्हणाली की हा व्हायरस आहे. मग लेकीने रात्रभर फोनवर बसून, म्हणजे तिकडे ती आणि इकडे मी, संगणक पुसून कोरा केला. तो कोरा होऊनही बंद पडायचा. कचेरीतल्या शिपायाचं म्हणणं पडलं की त्याला विश्रांती कमी पडते. रोज एक तास बंद ठेवा. ठेवला. तो तासाभराने ताजातवाना होऊन उठायचा आणि बावीस मिनिटांनी निजायचा. बायको या सगळ्यात कागदावर अभ्यास करत होती. ती एकदा म्हणाली की मॉनिटर काढून ठेवू आणि लहान पडद्यावरच पेपर देऊ. मी तिला नियम दाखवला. पंधरा कामकाजी दिवसांची मुदत उलटून तोपर्यंत चार दिवस झाले होते. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून कुठल्याही रकान्यात लिहिलेली नाही.

खरा पेच पुढेच होता. परीक्षेआधी विद्यापीठाची यंत्रणा घरच्या संगणकाची चाचणी घेते. सलग तीस मिनिटं संगणक चालू राहिला पाहिजे. तीन संधी मिळतात. तिन्हीत नापास झालात तर परीक्षेला बसता येत नाही, आणि आमच्या बाबतीत तर पुन्हा कधीच बसता आलं नसतं. पहिली चाचणी चोविसाव्या मिनिटाला गेली. दुसरी आम्ही घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद करून, वरच्या काकांना त्यांचा टीव्ही बंद करायला लावून दिली. ती एकविसाव्या मिनिटाला गेली. बायको खुर्चीवरून उठली नाही. काळ्या पडद्याकडे बघत नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "एकवीस मिनिटांचा पेपर असता तर बरं झालं असतं." मला फार वाईट वाटलं. मॉनिटर मी आणला होता, क्रमांक मी लिहिला होता, आणि सव्वीस वर्षं वाट पाहणारी ती होती.

मदतकेंद्राला फोन केला. तिथली बाई अत्यंत गोड बोलायची. तिने सांगितलं की साहित्यात बिघाड असल्याचं दुरुस्तीवाल्याचं पत्र आणलं तर मुदतीनंतरही बदल करता येतो. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि दुरुस्तीवाल्याला गाठलं.

हा मनुष्य चाळिशीचा, गंभीर, कमी बोलणारा. त्याचं दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून घरोघरी तो सोमवारीच येतो. आला. संगणकासमोर बसला. आम्ही सगळे मागे उभे. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, तास झाला. संगणक गुणी मुलासारखा चालत राहिला. दुरुस्तीवाल्याने दोन वेळा चहा घेतला आणि "चालतंय की" म्हणून उठला. तो गेल्यावरही संगणक दिवसभर चालला. मंगळवारी सकाळी बंद पडला. पुढच्या सोमवारी मी त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी तो दीड तास बसला. काही झालं नाही. मी वही उघडून नोंदी दाखवल्या तर त्याने त्या नीट वाचल्या, अकराव्या रकान्यापाशी थांबून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटून परत दिली. मधल्या बुधवारी आम्ही लॅपटॉप त्याच्या दुकानातच ठेवून आलो होतो. तिथे स्वतःच्या लहान पडद्यावर तो दिवसभर ठणठणीत होता.

मी पत्राचा विषय काढला. तो म्हणाला, "न दिसलेल्या बिघाडाचं पत्र मी देत नाही."

हे वाक्य माझंच आहे. एकतीस वर्षांत मी ते किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही. नळ गळतो म्हणून लोक येतात, आमचा माणूस जातो तेव्हा नळ गळत नाही, आणि मी शेरा मारतो: 'प्रत्यक्ष पाहणीत गळती आढळली नाही.' एक आजीबाई तर सात वेळा आल्या होत्या. सातव्या वेळी त्या मला म्हणाल्या होत्या की तूच ये आणि नळाशी बस. तेव्हा मला त्या भांडखोर वाटल्या होत्या. दुरुस्तीवाला चपला घालून जिना उतरत असताना त्या मला पहिल्यांदा बरोबर वाटल्या.

पेपर पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होता आणि तिसरी चाचणी त्याआधीच्या मंगळवारच्या आत द्यायची होती. म्हणजे हातात तो सोमवार आणि पुढचे काही दिवस. त्या सोमवारी दुपारी मी पडेल चेहऱ्याने बसलो असताना बायको आली आणि म्हणाली, तुमची वही द्या जरा. पुस्तकातली सरावाची सगळी उदाहरणं संपली, आता नवी आकडेवारी कुठून आणू.

मला बरं वाटलं. सहा आठवड्यांत त्या वहीचा कुणाला उपयोग झाला नव्हता. त्रेचाळीस नोंदी होत्या, प्रत्येकीला चौदा रकाने, एकही रिकामा नाही. बायकोने पेन्सिल घेतली आणि एकेक रकाना घेऊन तक्ते करायला बसली. हवामानाचा संबंध नाही. मिक्सरचा नाही. वरच्या काकांचा नाही, ते ऐकून काका जरा हिरमुसले. माझ्या मनःस्थितीचाही नाही, कारण ती त्रेचाळीस वेळा एकच होती. मग तिने वार घेतले. रविवारी आठ, मंगळवारी सात, बुधवारी सात, गुरुवारी आठ, शुक्रवारी सहा, शनिवारी सात. पेन्सिल थांबली.

"सोमवारी शून्य," ती म्हणाली.

मी म्हटलं योगायोग असेल. तिने पानाच्या कडेला काहीतरी गुणाकार केले आणि सांगितलं की सोमवारीही मी तेवढाच वेळ बसते, त्यामुळे हे योगायोगाने होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास आहे. माझ्या बायकोने आयुष्यात इतक्या ठामपणे मला खोडून काढलं नव्हतं असं नाही, पण गुणाकार करून पहिल्यांदाच काढलं. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली.

आता सोमवारी आपल्या घरात वेगळं काय असतं, यावर खल सुरू झाला. काका म्हणाले, दुकानं बंद असतात, म्हणून विजेचा दाब बदलतो. मी म्हटलं, दुरुस्तीवाला येतो, त्याला घाबरत असेल. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर गॅलरीत दोरीवर आमच्या घरातल्या झाडून सगळ्या खोळी वाळत होत्या. आई सोमवारी खोळी धुते. टीव्हीची, रेडिओची, मिक्सरची, सगळ्यांची रांग लागलेली, आणि शेवटी, स्वतंत्र चिमट्याला अडकवलेली, काडेपेटीएवढी एक निळी खोळ.

बायको बाहेर जाऊन ती घेऊन आली. हातात घेऊन दाबून पाहिली. आत कापूस भरून गोधडीसारखे टाके घातले होते आणि दोन्हीकडच्या शेपट्यांसाठी काजं होती. आईने डबीला नाजूक वस्तू म्हणून दुपदरी शिवली होती. बाकीच्या खोळी आम्ही बसताना काढायचो. ही मॉनिटरच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, कुणाच्या नजरेलाच पडत नव्हती. ती आठवड्यातले सहा दिवस अंगावर असायची.

मी उठून आरोळीच ठोकणार होतो. बायकोने हाताने मला खाली बसवलं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं ती म्हणाली. मग मंगळवार, बुधवार असे दोन दिवस तिने रीतसर प्रयोग केले. तीनदा खोळ घालून, तीनदा काढून. घालून: बावीस, एकवीस, तेवीस मिनिटं, आणि हात लावला तर डबी चटका बसेल इतकी तापलेली. काढून: दोन तास झाले तरी काही नाही, डबी कोमट. सहा आठवडे आम्ही भिंती बदलल्या, कपाटं हलवली, संगणक पुसून कोरा केला, आणि भाषांतर करणारा बिचारा आत गोधडी पांघरून घामाघूम होऊन बेशुद्ध पडत होता. आणि तो पडला की बाकीचे दोघे गोंधळून बंद पडत होते.

प्रश्न उरला आईला सांगायचा. मी म्हटलं, मी मसुदा करतो. अप्रिय गोष्ट गोड शब्दांत कळवण्यात माझा हातखंडा आहे. बायकोने मसुद्याची वाट पाहिली नाही. ती आईजवळ जाऊन बसली, डबी आणि खोळ दोन्ही तिच्या मांडीवर ठेवली आणि सरळ सांगितलं की आई, खोळीमुळे ही तापते आणि मग संगणक बंद पडतो.

आईने डबी हातात घेऊन फिरवली. मग म्हणाली, "म्हणजे तुझा पेपर मीच बुडवत होते."

"तुम्ही नाही हो आई. तुमच्या कापसाने."

आई एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, त्यातलं सगळं पाणी हसण्याचं नसावं. तुझ्या संगणकाला धूळ लागू नये म्हणून केलं गं, असं दोन-तीनदा म्हणाली. बायकोने तिचे हात धरून ठेवले होते. मीही तिथे होतो, पण माझी काही गरज दिसत नव्हती.

शुक्रवारी तिसरी चाचणी झाली. तीस मिनिटं आम्ही चौघे, म्हणजे मी, आई, काका आणि समोरची शिक्षिका, दाराबाहेर श्वास रोखून उभे. आत बायको आणि उघडीवाघडी डबी. एकतिसाव्या मिनिटाला आतून शांतपणे "झालं" असं ऐकू आलं. काकांनी मला मिठी मारली. मी दुरुस्तीवाल्याला फोन करून सविस्तर हकीकत सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरी मी म्हटलं, चालतंय की." मी फोन ठेवून दिला.

गुरुवार उजाडला. पेपर दहा ते एक. साडेनऊला फोनचा कॅमेरा लावून खोली तपासायची होती. मदतकेंद्राची तीच गोड बाई पडद्यावर आली आणि खोली गोल फिरून दाखवा म्हणाली. बायकोने कॅमेरा फिरवला. बाईचा आवाज किंचित कडक झाला. त्या कापडाखाली काय आहे, असं तिने विचारलं. रेडिओ, बायको म्हणाली. आणि त्याखाली? शिवणयंत्र. आणि त्या बारक्या? बाईने नम्रपणे, पण निक्षून सांगितलं की खोलीतलं प्रत्येक आच्छादन काढावं लागेल, खाली पुस्तकं असू शकतात. बायको काही बोलायच्या आत आई पुढे झाली. पदर खोचून तिने एकेक खोळ काढली, कॅमेऱ्यापुढे उलटीसुलटी करून झटकली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. एकोणीस खोळी निघाल्या. आमचा रेडिओ लाल आहे, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी बाईने मलाही खोलीबाहेर जायला सांगितलं. परीक्षार्थीखेरीज आत कुणी नाही, तीन तास दार उघडायचं नाही, बाहेरून आवाज द्यायचा नाही, आवाज आला तर पेपर रद्द. दार लागलं.

ते तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. सव्वादहाला मी चहा करायला गेलो. साखरेचा डबा सापडेना. मी सवयीने "अगं" म्हणायला तोंड उघडलं तर आईने पुढे होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. मी बिनसाखरेचा चहा प्यायलो. पावणेअकराला आईच उठून दाराकडे निघाली. तिला तिची दुपारची गोळी कुठल्या पुडीत असते ते विचारायचं होतं. मी तिला आडवा आलो. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या पुड्या उलगडल्या. काका वरून खाली आले आणि बेल वाजवणार तेवढ्यात मी दार उघडून त्यांचा हात हवेतच धरला. त्यांना माझ्या बायकोकडून त्यांच्या बायकोने मागितलेला एक पत्ता हवा होता. गॅस संपल्याची शंका आली. माझा कचेरीत नेण्याचा रुमाल कुठे आहे, टाकीची मोटर कधी बंद करायची, रद्दीवाला कुठल्या दिवशी येतो, एकेक प्रश्न उठत होता, आणि प्रत्येकाचं उत्तर त्या दारामागे होतं. अकरा ते एक आई आणि मी दारासमोर दोन स्टुलं टाकून एकमेकांवर पहारा देत बसलो. एकदा तिचं तोंड उघडायचं, एकदा माझं.

ती पास झाली, हे आधीच सांगून टाकतो. महिन्याने निकाल आला, शंभरात एक्याण्णव. लेक रजा काढून आली आणि आपल्या आईच्या गळ्यात पडून रडली. पण माझ्या डोक्यात निकालापेक्षा दार उघडल्यानंतरची पाच मिनिटंच जास्त राहिली आहेत.

बरोबर एक वाजता दार उघडलं. बायको उंबऱ्यात उभी राहिली. चेहरा इतका टवटवीत की मी क्षणभर ओळखलं नाही. मी विचारलं, बंद पडला का. नाही, ती म्हणाली, एकदाही नाही. आईने विचारलं, पेपर अवघड होता का गं.

"सोपा होता. सव्वा तासात झाला."

मी मनात वजाबाकी केली. "मग पावणेदोन तास काय करत होतीस?"

"बसले होते," ती म्हणाली. मग जरा हसून, आमच्या दोघांच्या मधून पलीकडे बघत म्हणाली, "खिडकीतून समोरचं झाड दिसतं. बघत होते. तीन तास मला कुणी हाक मारली नाही. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. लवकर बाहेर कशाला यायचं?"

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. मला लाज वाटली, आणि तिला इतकं खुशीत बघून आनंदही झाला, दोन्ही एकदम. बायको स्वयंपाकघराकडे वळली आणि ओट्यावरच्या पसाऱ्याकडे बघत एक कप पाणी प्यायली.

"त्या बाईला मी शेवटी विचारून घेतलं," ती म्हणाली. "यापुढचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. घरूनच. आठ पेपर, प्रत्येकी तीन तासांचे. मी नाव घालतेय."

आई स्टुलावरून सावकाश उठली, सुनेजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आठच?" ती म्हणाली. "जास्त पेपर असलेलं काही नाही का?"